परदेशी खरेदी आणि शेऱ्याचा रकाना

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि त्याच सुमारास आपल्याकडे स्वदेशीची हाक नव्याने उठली. आपल्याकडे स्वदेशी माल मिळतो अशा पाट्या दुकानदारांनी लावाव्यात, असे आवाहन खुद्द पंतप्रधानांनी केले. साहजिकच पुढचा प्रश्न निघाला तो सरकारच्या स्वतःच्या खरेदीचा. जनतेला स्वदेशीचा आग्रह करणारी सरकारी खाती, महामंडळे, रुग्णालये आणि विद्यापीठे परदेशी बनावटीचा माल किती घेतात, आणि त्याचा हिशेब त्यांनी कोणाला द्यावा की नाही? प्रश्न रास्त आहे, पण त्यावरचा वाद फार ढोबळपणे चालला आहे. एका बाजूचे लोक म्हणतात, हिशेब कसला मागता, परदेशी खरेदी सरसकट बंदच करा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, असा हिशेब मागणे हीच परवाना राजवटीची पहिली पायरी आहे, तेव्हा विचारूच नका. खरेदीची नोंद करणे आणि खरेदीसाठी परवानगी काढणे या दोन गोष्टींची गल्लत दोघेही करतात. माझे म्हणणे असे आहे की, सार्वजनिक पैशातून झालेल्या परदेशी बनावटीच्या प्रत्येक मोठ्या खरेदीची कारणासह नोंद झालीच पाहिजे, ती वर्षातून एकदा संसदेपुढे आणि राज्यांत विधिमंडळापुढे मांडली गेली पाहिजे, आणि या नोंदीपायी कोणाचीही खरेदी एक दिवससुद्धा अडता कामा नये.

नियम आज नाहीत असे नाही. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा केंद्राचा आदेश १५ जून २०१७ चा आहे आणि त्यात पुढे अनेकदा दुरुस्त्या झाल्या. ज्याच्या मालात स्थानिक घटक ५० टक्के किंवा अधिक तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार, २० ते ५० टक्के असेल तो दुसऱ्या वर्गाचा, आणि त्याखालचा बिगर-स्थानिक, अशी आजची विभागणी आहे. मे २०२० पासून २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढायची तर वरिष्ठ पातळीवरची खास मंजुरी लागते. त्याच वर्षीच्या जुलैपासून भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील पुरवठादाराला आधी नोंदणी करावी लागते. ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर माल चढवताना त्याचा मूळ देश सांगावा लागतो. म्हणजे अटींना तोटा नाही. पण या सगळ्या अटी माल घेण्यापूर्वीच्या आहेत. माल आला, बसवला गेला, देयक चुकते झाले, त्यानंतर त्यातले किती परदेशातून आले आणि देशात ते का मिळाले नाही, हे एकत्र करून संसदेपुढे ठेवण्याचे बंधन २०१७ च्या आदेशात नाही. आपण दारावर पहारेकरी बसवले आहेत, पण आत काय आले याची वही वाचायला मागण्याची सोय करदात्याला ठेवलेली नाही.

त्या वहीअभावी काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या एका तांत्रिक संस्थेच्या खरेदी समितीवर मी काही वर्षे होतो. २०२० च्या अखेरीस आम्हाला लोखंडी सळया आणि पत्रे ताणून त्यांची ताकद मोजणारे यंत्र घ्यायचे होते. प्रयोगशाळेच्या भाषेत त्याला यूटीएम म्हणतात. इचलकरंजी-मिरजेच्या पट्ट्यात ही यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या बनतात. त्या भागातल्या एका कारखानदाराने आपल्या निविदेत स्थानिक घटक ४८ टक्के असे लिहिले. दूरध्वनीवर मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, सर्वो व्हॉल्व्ह आणि लोड सेल आम्ही बाहेरून मागवतो. फ्रेम, सिलिंडर, जोडणी सगळे इथले. जे आहे ते लिहिले.” दुसरा निविदाकार शहरातला एक व्यापारी होता. त्याच्या स्वयंघोषणेत आकडा होता ५८ टक्के. नियमाप्रमाणे ५८ वाला पहिल्या वर्गात गेला आणि ४८ वाला दुसऱ्या. प्राधान्य कोणाला मिळाले हे सांगायला नको. सात-आठ महिन्यांनी यंत्र बंद पडले, आमच्या प्रयोगशाळा सहायकाने मागचे पॅनेल उघडले, आणि आतल्या एकूण एक भागावर परदेशी कारखान्याचे शिक्के निघाले. फ्रेमच्या पायथ्याशी ओतीव अक्षरांतसुद्धा तेच नाव होते. देशी होते ते बाहेरचे नामपट्ट आणि वीजजोडणीची केबल. मग ५८ टक्के आले कुठून? वाहतूक, विमा, जोडणी, प्रशिक्षण आणि विक्रीनंतरची सेवा या सगळ्यांचे मोल त्या व्यापाऱ्याने स्थानिक घटकात धरले होते. आयात केलेल्या मालावर अशा सेवांचा भार चढवून तो स्थानिक ठरवता येणार नाही, असा स्पष्ट खुलासा केंद्राने ४ मार्च २०२१ ला काढला. आमची खरेदी तोवर होऊन गेली होती.

या प्रसंगात मला व्यापाऱ्यापेक्षा त्या कारखानदाराचा विचार अधिक छळतो. त्याने खरे सांगितले आणि खरे सांगण्याचीच किंमत मोजली. दहा कोटींवरच्या खरेदीत लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र लागते. त्याखाली पुरवठादाराची स्वयंघोषणा पुरते. खोटी घोषणा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत खरेदीतून बाद करण्याची तरतूद आहे, पण घोषणा आणि वस्तू यांची गाठ घालून देणारी नोंदच जिथे होत नाही, तिथे खोटे उघडे पडणार कसे? तोच व्यापारी तेच यंत्र आणखी चार संस्थांना वेगवेगळ्या टक्केवारीने विकत असेल, तर ते चौघांनाही कळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करासाठीच्या ४०० ड्रोनची कंत्राटे चिनी सुट्या भागांच्या कारणावरून रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. जिथे सुरक्षेचा प्रश्न थेट होता तिथे कोणीतरी आत डोकावून पाहिले. पाण्याचे पंप, रुग्णालयातले मॉनिटर, चौकातले कॅमेरे यांचे पॅनेल कोण उघडणार?

आता नोंदीला विरोध करणाऱ्यांकडे वळू, कारण त्यांचा पहिला मुद्दा खरोखर वजनदार आहे. नोंदीतून परवाना जन्माला येतो, हे आपण अनुभवले आहे. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली चार दशके या देशात यंत्र मागवायचे तर ते देशात बनत नाही असा दाखला तांत्रिक विकास महासंचालनालयाकडून आणावा लागे. एखादा सुटा भाग येईपर्यंत यंत्र गंजून जाई, आणि दाखला देणाऱ्या टेबलाचे मोल यंत्रापेक्षा वाढे. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना आजही ‘नोंद करा’ म्हटले की धास्ती वाटते आणि ती खोटी नाही. अगदी अलीकडचे उदाहरणही त्यांच्या बाजूने आहे. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या आयातीवर एकाएकी परवान्याची अट घातली गेली. दुसऱ्याच दिवशी ती लांबणीवर टाकावी लागली, आणि अखेर नोव्हेंबरपासून आयातदाराने संख्या आणि किंमत कळवून ऑनलाइन मान्यता घ्यावी अशी व्यवस्था आली. सरकार म्हणाले, आम्हाला फक्त माहिती हवी आहे. व्यवहारात मात्र त्या मान्यतेला मुदत आली, मुदतवाढी आल्या, आणि पुढच्या वर्षी मान्यता मिळेल की नाही ही टांगती तलवार राहिली.

पण या अनुभवातून निष्कर्ष कोणता काढायचा? याच वाणिज्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०१९ पासून पोलाद आयातीसाठी निगराणीची जी पद्धत बसवली तिच्यात आयातदार माहिती भरतो, ठरलेले शुल्क देतो आणि नोंदणी क्रमांक आपोआप मिळतो. नाही म्हणायला तिथे कोणी बसलेला नाही. पुढे तांबे, ॲल्युमिनियम, कोळसा, संगणकाच्या चिप आणि कागद यांनाही तशा पद्धती लागू झाल्या. त्यांच्याबद्दलही आयातदारांच्या तक्रारी असतात, पण तिथे परवाना वाटणारे टेबल उभे राहिलेले नाही. म्हणजे परवाना जन्मतो तो माहिती मागितल्यामुळे नव्हे, तर माहिती आधी मागितल्यामुळे आणि ती पाहून नकार देण्याचा अधिकार एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती राहिल्यामुळे. म्हणून मी म्हणतो ती नोंद देयकाबरोबर व्हावी, माल हाती आल्यावर. तोवर नकार देण्यासारखे काही उरलेलेच नसते. ‘या नोंदीच्या कारणाने कोणतीही खरेदी, पुरवठा किंवा देयक रोखले जाणार नाही’ हे वाक्य कायद्यातच लिहावे, परिपत्रकात नको, कारण परिपत्रक एका सहीने बदलते.

नोंदीचे मोल आपल्या पूर्वसूरींना आपल्यापेक्षा जास्त कळत होते. लंडनमध्ये भारताच्या खात्यावर जो ‘होम चार्जेस’ नावाचा खर्च पडे, त्यात कर्जावरचे व्याज होते, निवृत्तिवेतने होती, आणि भारत सरकारसाठी विलायतेत खरेदी केलेल्या मालाची, म्हणजे ‘स्टोअर्स’ची, रक्कमही होती. रेल्वेपासून कचेरीपर्यंत लागणारे सामान इंडिया ऑफिस, म्हणजे भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश सरकारचे खाते, लंडनमध्ये बसून विकत घेई आणि त्याचे पैसे इथला शेतकरी भरी. हे अन्यायाचे होते. पण त्या राजवटीने आपले हिशेब छापून पार्लमेंटपुढे ठेवले होते. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निचऱ्याचा जो आरोप उभा केला, त्याचा पाया सरकारच्याच या छापील आकड्यांवर होता. न्यायमूर्ती रानडे इथल्या उद्योगांविषयी लिहीत तेही आयात-निर्यातीचे तक्ते पुढ्यात ठेवून. ते आकडे छापलेच नसते, तर दादाभाईंच्या हाती भावनेपलीकडे काय उरले असते? पुढे १९१६ ते १९१८ या काळात बसलेल्या हॉलंड औद्योगिक आयोगाने सरकारी माल शक्य तिथे भारतातच घ्यावा आणि त्यासाठी इथे स्वतंत्र खाते असावे असा आग्रह धरला, आणि १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झाले. परकी सत्तेकडून मिळालेला हा हिशेब स्वतंत्र देशाच्या नागरिकाने आपल्या सरकारकडे मागितला, तर त्यात परवाना राजवट कुठे आली?

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. आजच्या जगात ‘परदेशी वस्तू’ म्हणजे काय हेच ठरत नाही, मग नोंद कशाची करायची? हा मुद्दा मी मान्य करतो, आणि महाराष्ट्रातल्या मेट्रोंकडे पाहिले की तो डोळ्यांना दिसतोही. मुंबईतल्या वर्सोवा-घाटकोपर मार्गाचे डबे चीनमधल्या नानजिंगचे, नागपूर मेट्रोचे दालियानचे, मुंबईच्या दोन-अ आणि सात या मार्गांचे बेंगळुरूच्या बीईएमएलचे, आणि पुण्याच्या गाड्यांपैकी पहिल्या इटलीत बनलेल्या, बाकीच्या भारतात. बेंगळुरूत बनलेल्या डब्यातही कितीतरी यंत्रणा बाहेरच्या असतात. तेव्हा ‘देशी’ किंवा ‘परदेशी’ असा एकच शिक्का मारायला सांगितले तर नोंद खोटीच होणार. पण शिक्का मारायला सांगतो कोण? आजच्या आदेशातच टक्केवारीचे मोजमाप आहे. मुख्य भाग कोणते, ते कोणत्या देशातून आले आणि एकूण किमतीत त्यांचा वाटा अंदाजे किती, एवढे लिहिले तरी पुरते. सीमारेषा धूसर आहे म्हणून मोजूच नये, हा न्याय आपण दुसरीकडे कुठेच लावत नाही. गरिबीची रेषाही वादग्रस्त आहे. म्हणून कोणी गरीब मोजणे सोडले नाही.

उलट, भाग कुठून आले ही माहिती नसल्याने जे नुकसान होते ते खरेदीच्या दिवशी दिसतच नाही. मुंबईची मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये धावू लागली. गाड्या मलेशियन कंपनीच्या होत्या आणि त्या जातीची गाडी देशात दुसरीकडे कुठे नव्हती. काही वर्षांतच सुट्या भागांअभावी गाड्या उभ्या राहू लागल्या, कंपनी अडचणीत आली आणि २०१८ च्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने कंत्राट संपवले. चेंबूर ते वडाळा या मार्गाच्या फलाटांवर त्या काळात ज्यांनी गाडीची वाट पाहिली, त्यांना परदेशी खरेदीची खरी किंमत निविदेतल्या आकड्यापेक्षा चांगली समजली असेल. मलेशियाकडून गाड्या घेणे चूकच होते असे मी म्हणत नाही. त्या वेळी देशात मोनोरेल कोण बनवत होते? पण ‘पर्याय नाही, म्हणून घेतो, सुटे भाग एकाच पुरवठादाराकडून येतील’ असे वाक्य कुठेतरी लिहून सभागृहापुढे आले असते, तर चार प्रश्न चार वर्षे आधी विचारले गेले असते.

असे अहवाल धूळ खात पडतात, त्यात चुका असतात, मग कागद काळे कशाला करायचे, असाही एक सूर आहे. त्याला अमेरिकेचे उदाहरण पाहावे. तिथे सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा कायदा मार्च १९३३ चा, राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी कारकिर्दीच्या अगदी अखेरीस सही केलेला. त्याखाली कोणत्या खात्याने किती परदेशी माल घेतला, याचे अहवाल तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, वेळोवेळी मागितले, आणि जानेवारी २०२१ नंतर तर परदेशी मालासाठी दिलेल्या सवलती सार्वजनिक संकेतस्थळावर टाकण्याची व्यवस्था झाली. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने सांगितले की, २०१७ या आर्थिक वर्षात या कायद्याच्या कक्षेत येऊ शकणाऱ्या वस्तूंवरच्या खर्चात परदेशी मालाचा वाटा पाच टक्क्यांहून कमी, सुमारे ७.८ अब्ज डॉलर होता. नोंदींतल्या चुका पाहता तो याहून जास्तही असू शकेल, असेही तिने बजावले. विरोधक यातला शेवटचा भाग उचलतात आणि म्हणतात, बघा, आकडे चुकीचे निघाले. मला त्यातून वेगळेच दिसते. चूक सापडली ती नोंद होती म्हणून. आणि सरकार सगळे बाहेरूनच घेते असा जो कंठशोष तिथे चालतो, त्याला उत्तर द्यायला निदान एक आकडा हाती आला. आपल्याकडेही बंदीचा आग्रह धरणाऱ्यांना शांत करायचे असेल, तर त्यांच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ काय आहे?

शास्त्रज्ञांची आणि डॉक्टरांची बाजू मात्र वेगळी काढली पाहिजे, कारण कागदांचा जाच त्यांना सर्वांत जास्त झाला आहे. विशिष्ट शुद्धतेचे रसायन किंवा विशिष्ट बनावटीची प्रकाशनळी हवी असताना स्वस्त पण निरुपयोगी पर्याय गळ्यात पडल्याच्या कहाण्या प्रत्येक प्रयोगशाळेत ऐकायला मिळतात. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार संस्थांच्या संचालकांना आणि कुलगुरूंना दिला. हे योग्यच झाले. महासाथीत औषधे आणि वैद्यकीय सामग्रीला सीमेलगतच्या देशांच्या नियमातून २०२० च्या अखेरपर्यंत सूट दिली, तेही योग्यच झाले. श्वास अडलेल्या माणसापुढे कोणी मूळ देश विचारत बसू नये. पण अधिकार सैल झाले, तेव्हाच नोंदीची गरज वाढते. शंभर प्रयोगशाळांनी वर्षभरात एकाच जातीचा डिटेक्टर बाहेरून घेतला आणि शंभर ठिकाणी ‘देशात बनत नाही’ असे लिहिले, तर भोसरीतल्या, कोइमतूरमधल्या किंवा राजकोटमधल्या एखाद्या उद्योजकाला ती नोंद म्हणजे तयार बाजारपेठेचा नकाशाच असतो. आज तो नकाशा शंभर फायलींत तुकड्या-तुकड्यांनी पडलेला आहे.

संरक्षणातली गुप्त खरेदी या नोंदीतून वगळावी, यावर कोणाचे दुमत नसावे. व्यापार करारांचा अडथळाही येत नाही. सौर प्रकल्पांत देशी सेल सक्तीचे केले, म्हणून २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या विरोधात निकाल गेला, कारण सरकार तिथे वीज घेत होते, सेल नव्हे. तो वाद सक्तीचा होता, नोंदीवर तशी हरकत घेण्यासारखे काही नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात तर आपण केंद्राच्या मोठ्या खरेदीचे दार काही प्रमाणात त्यांच्या पुरवठादारांना उघडले आहे. त्या दारातून किती आले आणि आपल्या पुरवठादारांना तिकडे किती मिळाले, हे पुढच्या वाटाघाटीला बसणाऱ्या आपल्या माणसाला कोण सांगणार?

ही नोंद भरायला वेगळे खाते नको की सल्लागार नको. पाच लाखांखालच्या खरेदीला २०१७ चा आदेश लागू नाही; तीच मर्यादा इथेही ठेवावी, म्हणजे खडू-फळ्यासाठी कोणी टक्केवारी काढत बसणार नाही. वस्तू, किंमत, मुख्य भागांचे देश, पुरवठादाराने घोषित केलेली टक्केवारी आणि परदेशी माल घेण्याचे कारण, एवढेच देयकाच्या प्रपत्रात जोडावे, आणि दर वर्षी त्यातल्या काही नोंदी महालेखापरीक्षकांच्या माणसांनी प्रत्यक्ष पॅनेल उघडून ताडून पाहाव्यात. आमच्या संस्थेच्या जुन्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, बनावटीचा रकाना होता आणि शेवटी शेऱ्याचाही होता. माझ्या आधीच्या काळातल्या भांडारपालांनी एका जर्मन सूक्ष्मदर्शकापुढे त्या शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवले होते: ‘अंबाल्याचे दोन नमुने मागवून पाहिले, भिंग अपुरे, सबब हे घेतले.’ खाली सही आणि तारीख. ते रजिस्टर संगणकावर गेले, तेव्हा बनावटीचा रकाना राहिला आणि शेऱ्याचा गाळला गेला.